रेडिएशननंतरचा एमआरआय: मेंदूतल्या सौम्य गाठीवर वर्षानुवर्षं लक्ष कसं ठेवायचं

रेडिएशन संपवून रुग्ण घरी आला की आठवडाभरात कुणीतरी विचारतंच, "मग, गाठ गेली ना?" विचारणारा काळजीपोटीच विचारतो, पण या प्रश्नामुळे पुढची कित्येक वर्षं घरात नाहक धास्ती राहते. मेनिन्जिओमा (मेंदूच्या आवरणाची गाठ), अकॉस्टिक न्यूरोमा (कानाकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेची गाठ; डॉक्टरांच्या कागदावर बहुतेकदा वेस्टिब्युलर श्वानोमा लिहिलेलं असतं), पिट्युटरीची (मेंदूच्या तळाशी असलेल्या हार्मोन-ग्रंथीची) गाठ या सौम्य गाठींना रेडिएशन देतात ते त्यांची वाढ थांबवण्यासाठी. गाठ नाहीशी करणं हा त्यामागचा हेतू नसतो. गाठ एमआरआयमध्ये दहा वर्षांनीही दिसेल. तेवढीच राहिली किंवा हळूहळू आक्रसली, तर उपचार लागू पडला.

याचं कारण पेशींच्या स्वभावात आहे. किरणोत्साराने गाठीतल्या पेशींच्या डीएनएला इजा होते, पण पेशी लगेच मरत नाही. ती दुभंगायला जाते तेव्हा मरते. सौम्य गाठीच्या पेशी मुळातच सावकाश दुभंगतात, म्हणून परिणामही सावकाश दिसतो. गाठीला रक्त पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडायलाही महिने, कधी वर्षं लागतात. छोट्या आणि मध्यम अकॉस्टिक न्यूरोमावर किंवा ग्रेड १ च्या (सर्वांत सौम्य दर्जाच्या) मेनिन्जिओमावर गॅमा नाइफसारखा, म्हणजे किरण नेमके गाठीवर रोखून बहुधा एकाच बैठकीत देण्याचा, उपचार केला, तर दहापैकी नऊहून अधिक रुग्णांमध्ये गाठ आटोक्यात राहते. मात्र ती आटोक्यात आहे हे कळायला एकामागून एक घेतलेले एमआरआय नीट लावून पाहावे लागतात. ते कसं करायचं, यासाठी हा लेख आहे. रुग्णांनी आणि घरच्यांनी फाईल घेऊन डॉक्टरांसमोर बसताना तो सोबत ठेवावा. निर्णय अर्थात उपचार करणाऱ्या डॉक्टरांचाच.

आधी दोन गोष्टी ताब्यात घ्या

पहिली म्हणजे उपचाराचा सारांश. डिस्चार्ज कार्डावर नुसतं "रेडिएशन पूर्ण" एवढंच लिहिलेलं असेल तर ते पुरेसं नाही. गाठीचं निदान काय, ते बायोप्सीने झालं की फक्त एमआरआयवरून, उपचार कोणत्या यंत्रावर झाला, किती ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक) मात्रा दिली, किती बैठकांत आणि कोणत्या तारखांना, हे सगळं त्यात हवं. अकॉस्टिक न्यूरोमाला एकाच बैठकीत गाठीच्या कडेपर्यंत साधारण १२ ते १३ ग्रे देतात. कवटीच्या तळाशी असलेल्या मोठ्या मेनिन्जिओमाला रोज १.८ ग्रे असे ३० बैठकांत ५४ ग्रे देण्याची पद्धत आहे. दोन्हींनंतर मेंदूत दिसणारे बदल आणि ते दिसण्याची वेळ वेगवेगळी असते. पाच वर्षांनी दुसऱ्या गावातल्या डॉक्टरांपुढे बसाल तेव्हा त्यांना हे आकडे लागतील, आणि तोवर रुग्णालयाचं रेकॉर्ड सापडेलच याची खात्री नसते.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची: उपचाराच्या आखणीसाठी काढलेला एमआरआय. पुढच्या सगळ्या तुलनेचा पाया तोच. गॅमा नाइफमध्ये तो बहुधा उपचाराच्या दिवशीच, डोक्याला फ्रेम लावून काढलेला असतो. रुग्णालये तो आपल्याकडे ठेवतात आणि रुग्णाच्या हातात फक्त जुन्या निदानाच्या वेळच्या फिल्म असतात. निदान जानेवारीत आणि उपचार सप्टेंबरमध्ये झाला असेल, तर मधल्या आठ महिन्यांत गाठ वाढलेली असू शकते. मग पुढचा रिपोर्ट जानेवारीच्या एमआरआयशी ताडला की उपचारानंतर गाठ वाढली असं खोटंच दिसतं. म्हणून आखणीचा एमआरआय डायकॉम स्वरूपात (म्हणजे मूळ संगणकीय फाईल), सीडीवर किंवा पेन ड्राइव्हवर मागून घ्या. ऐन उपचाराच्या धावपळीत राहून गेलं असेल तर पहिल्या फॉलो-अपला मागा.

सगळ्या सीड्या एका हार्ड डिस्कवर उतरवून ठेवा. सीडी काही वर्षांत उघडेनाशी होते, आणि सेंटरने मोबाइलवर पाठवलेली लिंक त्याहूनही आधी बंद पडते. फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर पाठवून मत विचारायची आपल्याकडे फार सवय आहे. त्यातून एखादं ढोबळ उत्तर मिळेल, पण दोन मिलिमीटरचा फरक फोटोत कुणालाही मोजता येत नाही.

वेळापत्रक

उपचारानंतर महिनाभरात एमआरआय काढून काहीच हाती लागत नाही. गाठ होती तशीच दिसते आणि घरात निराशा पसरते. तक्रार नसेल तर घाई करू नका.

एका बैठकीच्या उपचारानंतर अकॉस्टिक न्यूरोमाचा पहिला एमआरआय साधारण सहा महिन्यांनी, दुसरा वर्षाने, मग पाच वर्षांपर्यंत दर वर्षी आणि पुढे दोन वर्षांनी एकदा, असा क्रम बहुतेक केंद्रांत असतो. ग्रेड १ च्या मेनिन्जिओमाचाही क्रम जवळपास असाच. रोजच्या बैठकांचं रेडिएशन झालं असेल तर काही डॉक्टर तीन-चार महिन्यांनीच एक एमआरआय घेतात, म्हणजे उपचारानंतरची नवी पायाभूत प्रतिमा हाताशी राहते. पिट्युटरीसाठी पहिला सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान, आणि पुढे दर वर्षी.

क्रॅनिओफॅरिंजिओमाचं (पिट्युटरीजवळ होणाऱ्या आणखी एका सौम्य गाठीचं) गणित निराळं. ही गाठ मुलांमध्येही होते आणि तिच्यात बहुधा पाण्याची पिशवी असते. ती पिशवी रेडिएशन चालू असतानाच आणि त्यानंतरचे काही महिने फुगू शकते. म्हणून उपचारादरम्यानही अधूनमधून प्रतिमा घेतात, आणि पहिली दोन वर्षं तीन ते सहा महिन्यांनी एमआरआय होतो. पिशवी फुगली म्हणजे रेडिएशन फुकट गेलं असं नव्हे. पुष्कळदा ती आपणच ओसरते. पण डोळ्यांच्या नसेवर दाब येत असेल तर थांबता येत नाही, पाणी काढावं लागतं.

बायोप्सी झालेली नसेल, तर पहिल्या एमआरआयला आणखी एक काम असतं. मेंदूच्या तळाशी असलेल्या पुष्कळ मेनिन्जिओमांवर आणि जवळजवळ सर्व छोट्या अकॉस्टिक न्यूरोमांवर तुकडा न काढता, केवळ प्रतिमेवरून निदान करून रेडिएशन देतात. ते योग्यच आहे, कारण अशा ठिकाणी तुकडा काढणंच धोक्याचं. पण मग गाठ सौम्य गाठीसारखी वागते आहे ना, हे पहिल्या वर्षातल्या प्रतिमांतूनच कळतं. मेनिन्जिओमा समजलेली गाठ काही महिन्यांत झपाट्याने वाढली, तर मूळ निदानाकडे पुन्हा पाहावं लागतं. ग्रेड २ चा मेनिन्जिओमा असेल तर वरचं वेळापत्रक विसरा. त्याला सुरुवातीला तीन ते सहा महिन्यांनीच एमआरआय लागतो.

एमआरआयच्या चिठ्ठीवर काय हवं

"एमआरआय ब्रेन विथ कॉन्ट्रास्ट" (कॉन्ट्रास्ट म्हणजे गाठ उजळून दिसावी म्हणून शिरेतून देतात ते इंजेक्शन) एवढीच चिठ्ठी घेऊन जवळच्या सेंटरला गेलं की तिथे नेहमीचा एमआरआय होतो, पाच मिलिमीटर जाडीच्या कापांचा. बारा मिलिमीटरची गाठ अशा दोन-तीन कापांत संपते, मग मोजणार कसं? चिठ्ठीवर डॉक्टरांकडून तीन गोष्टी लिहून घ्या: कॉन्ट्रास्टनंतरचे एक मिलिमीटर जाडीचे थ्रीडी टी-वन काप, अकॉस्टिक न्यूरोमा असेल तर कानाच्या भागाचे पातळ टी-टू काप, ज्यांना यंत्राच्या कंपनीप्रमाणे सिस किंवा फिएस्टा म्हणतात, आणि भोवतालची सूज दिसण्यासाठी फ्लेअर. पिट्युटरीला तिचा स्वतःचा खास प्रोटोकॉल असतो. उपचाराची तारीख आणि मात्राही चिठ्ठीवर हवी. रेडिएशन झालेलं आहे हेच रेडिओलॉजिस्टला ठाऊक नसेल, तर तो दिसणाऱ्या प्रत्येक बदलाचा अर्थ वेगळा लावेल.

शक्य असेल तर दर वेळी त्याच सेंटरला, त्याच यंत्रावर जा. किमान यंत्राची ताकद तरी सारखी हवी, एकदा १.५ टेस्ला आणि एकदा ३ टेस्ला असं नको. नांदेड-जळगावहून मुंबईला उपचार घेणाऱ्यांना दर वेळी तिथवर जाणं परवडत नाही आणि त्याची गरजही नसते. मुंबईच्या डॉक्टरांकडून प्रोटोकॉल लिहून आणा, गावातल्या त्यातल्या त्यात चांगल्या सेंटरला तो आगाऊ दाखवून विचारा, आणि पुढे तेच सेंटर धरून ठेवा. सरकारी योजनेतून उपचार झाला असेल तर फॉलो-अपमधलं काय काय योजनेत बसतं, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच खेपेला विचारून घ्या.

कॉन्ट्रास्टबद्दल

वर्षानुवर्षं एमआरआय काढायचे म्हटलं की कॉन्ट्रास्टमधल्या गॅडोलिनियम या धातूची भीती वाटते, आणि ती अगदीच निराधार नाही. वारंवार इंजेक्शन घेतलेल्यांच्या मेंदूत या धातूचा अंश साठतो, हे २०१४ पासून ठळकपणे पुढे आलं. मेंदूत साठलेल्या अंशाने निश्चित अशी हानी झाल्याचं दिसलेलं नाही, तरीही युरोपच्या औषध नियामकाने २०१७ मध्ये लिनिअर प्रकारच्या काही कॉन्ट्रास्टचा वापर थांबवला किंवा मर्यादित केला. मॅक्रोसायक्लिक प्रकारात धातू घट्ट बांधलेला असतो आणि तो कमी साठतो. गॅडोटेरेट, गॅडोब्युट्रॉल, गॅडोटेरिडॉल ही त्यातली नावं. सेंटरवर "कोणतं कॉन्ट्रास्ट वापरता?" असं विचारायला काहीच हरकत नाही.

मात्रा वजनावर ठरते. साठ किलोच्या माणसाला गॅडोब्युट्रॉल सुमारे ६ मिलि आणि गॅडोटेरेट सुमारे १२ मिलि लागतं. आकडे वेगळे दिसले तरी औषध तितकंच, द्रावणाची तीव्रता वेगळी. किडनी कमजोर असेल, मधुमेह किंवा रक्तदाब जुना असेल, तर आधी क्रिएटिनिनची तपासणी करून रिपोर्ट सोबत न्या. गरोदरपणात कॉन्ट्रास्ट टाळतात. सौम्य गाठीचा फॉलो-अप बहुतेकदा प्रसूतीपर्यंत लांबवता येतो किंवा कॉन्ट्रास्टशिवाय होतो. अंगावर पाजणाऱ्या आईला दूध बंद करावं लागत नाही, असं आताचं वैद्यकीय मत आहे.

छोटा अकॉस्टिक न्यूरोमा काही वर्षं स्थिर राहिला, की पुढचे एमआरआय फक्त पातळ टी-टू कापांवर, इंजेक्शनशिवाय करता येतात का, हे जरूर विचारा. पुष्कळ रुग्णांत करता येतात. पहिली दोन-तीन वर्षं मात्र कॉन्ट्रास्ट टाळू नये, कारण गाठीच्या आत काय चाललं आहे ते त्याशिवाय दिसत नाही.

एमआरआयच्या दिवशी

पेसमेकर, कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतल्या धमनीला लावलेली क्लिप यांची माहिती नोंदणीच्या वेळीच द्या. मेंदूतलं पाणी पोटात सोडणारा शंट बसवला असेल आणि त्याची व्हॉल्व्ह बाहेरून जुळवण्याजोगी असेल, तर एमआरआयच्या चुंबकामुळे तिची जुळणी बदलू शकते. अशा वेळी एमआरआयनंतर त्याच दिवशी न्यूरोसर्जनकडे व्हॉल्व्ह तपासून घ्यायची. हे अनेकांना सांगितलेलंच नसतं, आणि मग दोन दिवसांनी सुरू झालेली डोकेदुखी गाठीची समजली जाते.

मंगळसूत्र, जोडवी, साडीच्या पिना, हेअरपिन, श्रवणयंत्र, काढता येणारे दात सगळं बाहेर. काजळ आणि मस्करा घरूनच न लावता जा, त्यात धातूचे कण असू शकतात. अकॉस्टिक न्यूरोमाच्या रुग्णाला बहुतेकदा एका कानाने कमी ऐकू येतं किंवा येतच नाही, क्वचित दोन्हीने. यंत्राच्या आवाजात तंत्रज्ञाची सूचना त्याला कळणार नाही. "सूचना हाताच्या खुणेने ठरवून घ्या" असं आधीच सांगा. चेहऱ्याची नस अशक्त असून डोळा पूर्ण मिटत नसेल तर डोळ्यात जेल घालून जा. अर्धा-पाऊण तास निपचित पडायचं असतं, बंद जागेची भीती वाटणाऱ्याने डॉक्टरांकडून आधीच गोळी लिहून घ्यावी. हललेली प्रतिमा पुढच्या तुलनेला कामाची राहत नाही.

रिपोर्ट वाचताना

रिपोर्ट आला की सगळे आधी शेवटची ओळ वाचतात: "मागील तपासणीच्या तुलनेत लक्षणीय बदल नाही." ओळ दिलासा देणारी आहे, पण ती कोणत्या तारखेच्या तपासणीशी तुलना करून लिहिली आहे, ते शोधा. सावकाश वाढणाऱ्या गाठीत इथेच फसगत होते. समजा उपचाराच्या दिवशी गाठ १५ मिमी होती, मग १६, १७ आणि १८. प्रत्येक रिपोर्ट आधीच्या वर्षाशी ताडलेला, फरक दर वेळी एकच मिलिमीटर. एवढी चूक हाताने मोजताना होतेच, म्हणून दर वेळी "बदल नाही". आणि प्रत्यक्षात तीन वर्षांत तीन मिलिमीटरची वाढ! मला या सगळ्या विषयात कळकळीने सांगावंसं वाटतं ते हेच: दर वेळी तुलना दोन ठिकाणी करायला लावा, मागच्या एमआरआयशी आणि उपचाराच्या दिवशीच्या एमआरआयशी. सेंटरला दोन्हींच्या सीड्या सोबत द्या. सीडी दिली नाही तर रेडिओलॉजिस्ट जुन्या रिपोर्टमधला आकडा वाचून तुलना करतो, आणि तो आकडा दुसऱ्या कुणीतरी दुसऱ्या कापावर मोजलेला असतो.

घरी एका वहीत तक्ता करा. तारीख, सेंटर, यंत्र, तिन्ही मापं आणि त्या वेळची लक्षणं. तिन्ही मापांचा गुणाकार करून त्याचं जवळपास निम्मं, म्हणजे ०.५२ पट घेतलं, की गाठीचं अंदाजे आकारमान निघतं (मापं मिलिमीटरमध्ये असतील तर उत्तराला हजाराने भागलं की ते मिलिमध्ये येतं). १८ × १५ × १४ मिमीची गाठ सुमारे १.९७ मिलि भरते. तीच प्रत्येक बाजूने दोन मिलिमीटर वाढून २० × १७ × १६ झाली की २.८३ मिलि. कागदावर "दोनच मिलिमीटर", पण आकारमानात ४४ टक्क्यांची वाढ. म्हणूनच मोठ्या केंद्रांत आता संगणकावर गाठीची कड आखून आकारमान मोजतात. साधारणपणे लांबीत दोन मिलिमीटरपेक्षा किंवा आकारमानात वीस टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तरच तो खरा धरतात; त्याखालचा फरक मोजणीतलाच असू शकतो.

अकॉस्टिक न्यूरोमात गोंधळाची आणखी एक जागा आहे. गाठीचा काही भाग कानाच्या हाडातल्या नळीत असतो आणि काही बाहेर, मेंदूच्या बाजूला. एकाने नळीतला भाग धरून मोजला, दुसऱ्याने सोडून मोजला, की एका वर्षात गाठ सात-आठ मिलिमीटर वाढल्याचं किंवा घटल्याचं दिसतं. आकडा एकदम उडी मारताना दिसला तर काळजी करण्याआधी मोजलं कसं ते विचारा.

गाठ वाढलेली दिसली तर

पहिल्या दीड-दोन वर्षांत घाबरवणारा प्रसंग येतो तो हा, आणि पुष्कळ कुटुंबं नको त्या शस्त्रक्रियेच्या उंबरठ्यापर्यंत जातात तीही इथेच.

गॅमा नाइफ किंवा सायबरनाइफनंतर अकॉस्टिक न्यूरोमा काही काळ फुगतो. सहा महिन्यांच्या एमआरआयमध्ये कॉन्ट्रास्ट दिल्यावर गाठीचा मधला भाग उजळत नाही, काळपट राहतो, कारण आतल्या पेशी मरू लागलेल्या असतात. त्याच सुमारास गाठीची कड बाहेर सरकते. सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान ही सूज सर्वाधिक असते, मग बहुतेक गाठी ओसरू लागतात. काहींना पूर्ववत व्हायला तीन वर्षंही लागतात. किती जणांत हे होतं त्याचे आकडे मोजायच्या पद्धतीप्रमाणे बदलतात, पण हे अपवादाने होणारं मुळीच नाही. पुढे मधला काळपट भाग पुन्हा उजळू लागतो. तेही गाठ परत आल्याचं लक्षण नव्हे.

म्हणून नवी तक्रार नसेल, तर पहिल्या दोन वर्षांत केवळ एका एमआरआयच्या आकड्यावरून शस्त्रक्रिया किंवा पुन्हा रेडिएशन ठरवू नये, अशी अनुभवी केंद्रांची रीत आहे. ते तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय घेतात आणि वाढीचा कल पाहतात. खरी अपयशी गाठ एकदा फुगून थांबत नाही, ती एमआरआयमागून एमआरआय वाढतच जाते, आणि बहुधा तीन वर्षांनंतरही वाढत राहते. थांबणं म्हणजे दुर्लक्ष नव्हे. थांबताना तारीख ठरलेली असते आणि कोणती लक्षणं दिसली तर आधीच यायचं, तेही ठरलेलं असतं. उपचार करणाऱ्या केंद्राबाहेरच्या कुणी "गाठ वाढली, ताबडतोब ऑपरेशन" असं सांगितलं, तर आधी सगळ्या सीड्या घेऊन जिथे रेडिएशन झालं तिथे जा. मुंबईत हिंदुजा रुग्णालयात आणि दिल्लीत एम्समध्ये १९९७ पासून गॅमा नाइफचे उपचार होत आहेत. अशा जुन्या केंद्रांत ही तात्पुरती सूज शेकड्यांनी पाहिलेले डॉक्टर आहेत.

मेनिन्जिओमात गाठीपेक्षा तिच्या भोवतालचा मेंदू सुजतो. डोक्याच्या मधोमध, मोठ्या शिरेलगत असलेल्या मेनिन्जिओमात हे जास्त होतं, आणि साधारण तीन महिने ते वर्षाच्या दरम्यान. फ्लेअर कापांवर गाठीभोवती पांढरा पट्टा दिसतो. काहींना काहीच होत नाही, काहींना डोकेदुखी, फिट किंवा एका पायात अशक्तपणा. डेक्सामेथासोन या स्टिरॉइडने बहुतेकांना आराम पडतो. ही गोळी सुरू असताना मधुमेहींनी साखर रोज तपासावी, आणि बरं वाटलं म्हणून ती कुणीही आपल्या मनाने एकदम बंद करू नये. डॉक्टर ती हळूहळू उतरवतात.

क्वचित गाठीजवळच्या निरोगी मेंदूचा भाग किरणांनी मृत होतो. तिथलं उजळणं आणि गाठ पुन्हा वाढणं साध्या एमआरआयवर सारखंच दिसतं. तेव्हा परफ्युजन एमआरआय करतात: मृत भागात रक्तप्रवाह कमी, वाढत्या गाठीत जास्त. मेनिन्जिओमासाठी गॅलियम डोटाटेट पेट स्कॅन उपयोगी पडतो, कारण मेनिन्जिओमाच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिन या हार्मोनचे रिसेप्टर (त्याला पकडून घेणारे रेणू) भरपूर असतात आणि निरोगी मेंदूत फारसे नसतात. नेहमीचा साखरेचा पेट स्कॅन इथे तितकासा कामाचा नाही, कारण मेंदू स्वतःच साखर भरपूर घेतो आणि सगळंच उजळून निघतं.

नुसत्या एमआरआयवर भागत नाही

अकॉस्टिक न्यूरोमाच्या प्रत्येक एमआरआयबरोबर ऑडिओग्रॅम, म्हणजे ऐकू येण्याची तपासणी, व्हायला हवा. गाठ स्थिर असूनही ऐकू येणं वर्षांगणिक घटू शकतं. एका दिवसात ऐकू येणं एकदम कमी झालं तर वाट न पाहता कानाच्या डॉक्टरांकडे जा. स्टिरॉइडचा उपयोग लवकर सुरू केलं तरच.

पिट्युटरी आणि डोळ्यांच्या नसेजवळच्या गाठींसाठी नेत्रतज्ज्ञांकडे पेरिमेट्री करून दृष्टीचं क्षेत्र तपासून घ्या, तेही ठरावीक अंतराने. पिट्युटरीत हार्मोनच्या तपासण्यांना एमआरआयइतकंच, कधी त्याहून जास्त महत्त्व. ॲक्रोमेगालीत (पिट्युटरीच्या गाठीमुळे वाढीचं हार्मोन जास्त होतं तो आजार) रक्तातलं आयजीएफ-१, म्हणजे त्या हार्मोनचा परिणाम दाखवणारं द्रव्य, किती उतरलं यावरच उपचाराचं यश ठरतं, आणि ते उतरायला काही वर्षं लागतात. उलट बाजूने, रेडिएशनमुळे निरोगी पिट्युटरीही हळूहळू मंदावते, कधी दहा वर्षांनीही. थकवा, भूक न लागणं, पाळी जाणं, थंडी सहन न होणं ही लक्षणं वयावर किंवा कामाच्या ताणावर ढकलली जातात. सकाळी आठच्या सुमारासचं कॉर्टिसॉल, फ्री टी-फोर, टीएसएच आणि लैंगिक हार्मोन वर्षातून एकदा तपासा. टीएसएच एकटं पाहून थायरॉइड ठीक म्हणू नका. पिट्युटरी मंदावली की टीएसएच नॉर्मल दिसतं आणि टी-फोर कमी असतं. लहान मुलाची उंचीही दर सहा महिन्यांनी वहीत लिहा.

ठरलेल्या तारखेची वाट कधी पाहायची नाही

पहाटेची डोकेदुखी आणि सोबत उलटी, पहिल्यांदाच आलेली फिट, वाढत जाणारी गुंगी, हातापायात नवा अशक्तपणा, दिसणं अचानक अंधूक होणं, चेहरा एका बाजूला ओढला जाणं: यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. कॉर्टिसॉल कमी पडतं म्हणून हायड्रोकॉर्टिसोनवर असलेल्या रुग्णाला उलट्या होऊन गोळी पोटात टिकत नसेल, तर तीही तातडीचीच बाब आहे. इंजेक्शन द्यावं लागतं.

आणखी एक त्रिकूट घरच्यांनी ओळखून ठेवावं. चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे अडखळणं, विसरभोळेपणा वाढणं, लघवीवरचा ताबा जाणं. अकॉस्टिक न्यूरोमात गाठ न वाढताही मेंदूतलं पाणी साठू शकतं, बहुतेकदा साठीपुढच्या माणसांत, आणि ते म्हातारपण समजून सोडून दिलं जातं. शंट टाकल्यावर अशी माणसं पुन्हा चालती होतात.

पाच वर्षांनंतर

पाच एमआरआय चांगले आले की अनेक जण येणं बंद करतात. एमआरआय विरळ करता येतात, पण सोडता येत नाहीत. सौम्य गाठ आठ-दहा वर्षांनीही पुन्हा वाढल्याची उदाहरणं आहेत. दहा वर्षांनंतर तीन ते पाच वर्षांनी एकदा पुरतं, रुग्णाचं वय आणि इतर आजार पाहून डॉक्टर अंतर ठरवतात.

लांबच्या काळात पाहण्यासारखं आणखी एक म्हणजे किरणांमुळेच होणारी नवी गाठ. ही शक्यता खरी आहे. इस्रायलमध्ये १९४८ ते १९६० या काळात गजकर्णासाठी डोक्यावर क्ष-किरण दिलेल्या दहा हजारांहून अधिक मुलांचा पुढे अनेक वर्षं पाठपुरावा झाला, तेव्हा त्यांच्यात मेनिन्जिओमाचं प्रमाण कित्येक पटींनी जास्त आढळलं. पण त्या मुलांच्या सबंध डोक्यावर किरण गेले होते. एका बैठकीच्या नेमक्या उपचारानंतरचा धोका फार कमी आहे: सुमारे पाच हजार रुग्णांच्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत कर्करोगी गाठींचं प्रमाण एक लाख रुग्णवर्षांमागे सातच्या आसपास, म्हणजे एरवीच्या लोकसंख्येइतकंच, आढळलं. लहानपणी रेडिएशन झालेल्यांनी आणि न्यूरोफायब्रोमॅटोसिस (नसांवर गाठी होण्याचा जनुकीय आजार) असलेल्यांनी मात्र फॉलो-अप आयुष्यभर चालू ठेवावा, त्यांच्यात रक्तवाहिन्या अरुंद होण्याचा आणि नव्या गाठींचा धोका जास्त असतो.

गाव किंवा देश बदलणार असाल, तर निघण्याआधी तीन वस्तू स्वतःजवळ घ्या: उपचाराचा सारांश, आखणीच्या दिवशीपासूनचे सगळे एमआरआय डायकॉममध्ये, आणि मापांची वही. हार्ड डिस्कची एक प्रत घरातल्या दुसऱ्या कुणाकडे असू द्या, आणि पुढचा एमआरआय कधी हे त्या व्यक्तीच्याही मोबाइलमध्ये नोंदवा.